आक्रमकता शिकता येते का? पोकरवरील तीन पुस्तकांच्या निमित्ताने



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी पोकरची स्पर्धा झाली. पैसे नव्हते, चिंचोके होते. सहा जण, प्रत्येकाला शंभर चिंचोके. आम्ही एकही ढोबळ चूक केली नाही. वाईट पाने आली की टाकून दिली. बरी आली की समोरच्याच्या बोलीला 'चालेल' म्हणून तेवढे चिंचोके पुढे सरकवले. एकदाही थाप मारली नाही. आणि तासाभरात चिंचोके संपले. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हाला कुणी हरवलंच नाही. तुम्ही नुसते विरघळलात."

हे वाक्य आम्हाला लागले, आणि त्यातूनच आजचे व्याख्यान निघाले. पोकरच्या स्पर्धेत आक्रमक खेळायला शिका, असे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतली तीन आम्ही वाचली. आक्रमकता म्हणजे नेमके काय, ती शिकता येते का, आणि ती पुस्तके कुठे कमी पडतात, एवढे आज पाहू. पैसे लावून खेळा असे आम्ही कोणालाही सुचवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर काय चालते तेही आपल्याला ठाऊक आहे. आपला रस विचारात आहे, जुगारात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'नो लिमिट होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात. टेबलाच्या मध्यावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडी पडतात, ती सर्वांची सामाईक. बोलीच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी तुम्ही पाने टाकू शकता, समोरच्याची बोली स्वीकारू शकता, किंवा वाढवू शकता. टाकणे म्हणजे फोल्ड, स्वीकारणे म्हणजे कॉल, वाढवणे म्हणजे रेझ. जवळचे सगळे एकदम पुढे ढकलले तर ते ऑल-इन. दोन जणांना आळीपाळीने, पाने बघण्याआधीच, ठरावीक रक्कम टाकावी लागते, ती ब्लाइंड. तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी गल्लत करू नका बरं का. तिथे न बघता खेळणे ही मर्जी असते, इथे सक्ती आहे. शिवाय 'अँटी' असते, म्हणजे आपल्या तीन पत्तीतला 'बूट'. आणि स्पर्धेत या सक्तीच्या रकमा ठरावीक वेळाने वाढत जातात. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

आता एक हिशेब करू. समजा ब्लाइंड ५०० आणि १,०००, नऊ खेळाडू, प्रत्येकाचा बूट १००. म्हणजे एका फेरीचा खर्च २,४००. तुमच्याजवळ १२,००० चिप्स आहेत. काहीच न करता बसलात तर पाच फेऱ्यांत, म्हणजे पंचेचाळीस डावांत, तुम्ही संपाल. तुम्ही म्हणाल, आम्ही चांगल्या पानांची वाट पाहू. चांगली म्हणजे कोणती? एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी, नाहीतर एक्का-राजा. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. त्यांत अशा फक्त ३४. म्हणजे साधारण एकोणचाळीस डावांत एकदा. पंचेचाळीस डावांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के. ब्लाइंड मध्येच वाढले तर डाव आणखी कमी मिळतील. आणि पाने आली तरी ती टिकतीलच असे नाही.

यातून काय दिसते? वाट पाहणे ही तटस्थता नाही. तीही एक पैज आहे, आणि बहुधा वाईट पैज. आपल्याला वाटते आपण काही केले नाही, म्हणजे आपण काही गमावले नाही. टेबल मात्र दर फेरीला भाडे वसूल करत असते. घरच्या स्पर्धेत आम्ही विरघळलो ते असे.

आता पुस्तकांकडे वळू. पहिले आहे डॉयल ब्रन्सनचे 'सुपर सिस्टीम', १९७०च्या दशकाच्या अखेरचे. टेक्ससचा हा माणूस १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेचा मुख्य विजेता होता. त्याच्या प्रतिपादनाचा सारांश असा: सतत बोली लावत राहा. लहान लहान पॉट न लढता तुमच्याकडे येतील, आणि त्या कमाईवर तुम्हाला मोठ्या पॉटमध्ये धोका पत्करता येईल. त्या काळात शहाणा खेळाडू म्हणजे चांगल्या पानांसाठी थांबणारा, असा समज होता. ब्रन्सनने तो उलटा केला. पुस्तकाचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे.

पण टीकाकार म्हणून आपल्याला एक गोष्ट खटकते. ब्रन्सन आक्रमकतेचे वर्णन करतो, तिची मीमांसा करत नाही. अमुक केव्हा करावे याचे उत्तर शेवटी त्याच्या अंगातल्या अनुभवावर सोडलेले असते. स्वभाव नियमाच्या वेषात येतो. त्याच्या दोन्ही विजयांच्या शेवटच्या डावात हातात दहा-दुरी होती, हे प्रसिद्धच आहे. ही जोडी अगदी हलकी. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि हौशी खेळाडू ती कौतुकाने खेळतात. गुरूची शैली घेतली, कारणे राहिली. आपल्याकडे शास्त्रीय संगीतात असे होते तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणतो.

दुसरे पुस्तक डॅन हॅरिंग्टनचे, बिल रॉबर्टीच्या साहाय्याने लिहिलेले. पहिला खंड २००४चा, दुसरा २००५चा. हॅरिंग्टन १९९५चा विजेता. पुढे २००३ आणि २००४ अशा दोन्ही वर्षी अंतिम टेबलापर्यंत पोहोचला, आणि २००४ला स्पर्धक अडीच हजारांवर होते. त्याचे टोपणनाव 'अ‍ॅक्शन डॅन', आणि ते थट्टेने पडलेले, कारण त्याची ख्याती सावध खेळाडूची. आक्रमकतेचा सर्वांत व्यवस्थित पाठ एका सावध माणसाने लिहावा, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

हॅरिंग्टन स्वभावाबद्दल बोलत नाही, परिस्थितीबद्दल बोलतो. त्याचे मुख्य साधन 'एम' ही संख्या. हे नाव पॉल मॅग्रिएल या गणितज्ञावरून आले. तुमच्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागा. मघाच्या उदाहरणात १२,००० भागिले २,४००, म्हणजे ५. 'एम' वीसच्या वर असेल तर तुम्ही हिरव्या पट्ट्यात, हवे तसे खेळा. दहा ते वीस पिवळा. सहा ते दहा नारिंगी. एक ते पाच तांबडा. इथे पहिली चाल बहुतेक ऑल-इनच. म्हणजे आक्रमकता हा गुण नव्हे, तापमान मोजून घ्यायचे औषध आहे. तुम्ही भित्रे असा की शूर, पाचवर आलात की पुढे ढकला.

पण पुढे ढकलण्यात फायदा कुठून येतो? याचे उत्तर डेव्हिड स्क्लान्स्कीने दिलेल्या 'सेमी-ब्लफ' या कल्पनेत सापडते. अर्धी थाप म्हणू या. पॉटमध्ये १,००० आहेत, तुमच्याजवळ १,००० आहेत. तुमच्या दोन पानांसह इस्पिकची चार पाने जमली आहेत, मध्ये तीन उघडी आहेत, दोन उघडायची बाकी. पाचवे इस्पिक येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. ते आले तर तुम्ही जिंकता असे धरू. पहिला प्रसंग: समोरचा १,००० लावतो, तुम्ही कॉल करता. शंभरात ३५ वेळा तुम्हाला २,००० मिळतात, ६५ वेळा १,००० जातात. सरासरी फायदा डावाला ५०. दुसरा प्रसंग: पाने तीच, पैसे तेच, पण बोली तुम्ही आधी लावता. समजा समोरचा शंभरात ४० वेळा पाने टाकतो. त्या ४० वेळी १,००० न लढता तुमचे. उरलेल्या ६० वेळी पुन्हा तोच पन्नासाचा हिशेब. सरासरी ४३०. चाळीस हा आकडा आम्ही धरलेला आहे, समोरच्या माणसावर तो अवलंबून असेल. पण रचना बघा. आधी बोलणाऱ्याला जिंकायचे दोन मार्ग असतात: पाने चांगली निघणे, किंवा समोरच्याने माघार घेणे. नुसते स्वीकारणाऱ्याला एकच.

स्पर्धेत ही विषमता आणखी वाढते. तिघे उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसे ५०, ३० आणि २० रुपये. प्रत्येकाच्या चिप्सची किंमत ३३ रुपये ३३ पैसे. आता दोघे ऑल-इन भिडले. हरणारा २० घेऊन घरी गेला, म्हणजे त्याचे १३ रुपये ३३ पैसे गेले. जिंकणाऱ्याकडे दोन तृतीयांश चिप्स. त्याची अपेक्षित कमाई ४३ रुपये ३३ पैसे, म्हणजे लाभ फक्त १०. उरलेले ३ रुपये ३३ पैसे कुठे गेले? जो तिसरा चहा पीत बसला होता त्याच्याकडे. म्हणून कॉल करणाऱ्याला ५० टक्के खात्री पुरत नाही, सुमारे ५७ टक्के लागते. हे ओझे कोण उचलतो? पहिला पुढे ढकलतो तेव्हा तो दुसऱ्यावर टाकतो. आक्रमकता म्हणजे प्रश्न विचारणे; आणि इथे उत्तर देणे प्रश्न विचारण्यापेक्षा महाग असते.

एवढे गणित कळल्यावर खरे तर विषय संपायला हवा. संपत नाही. आम्हाला हे गणित दिवाळीआधीही येत होते! तरी हात पुढे गेला नाही. ज्ञान आणि कृती यांच्या मधली ही फट तत्त्वज्ञानाला फार जुनी ओळखीची आहे. हॅरिंग्टनच्या पुस्तकात ती फट नाहीच. त्याचा वाचक आकडा बघतो आणि करतो. असा वाचक आम्हाला अजून भेटलेला नाही.

म्हणून तिसरे पुस्तक महत्त्वाचे: मारिया कोनिकोवा यांचे 'द बिगेस्ट ब्लफ', २०२०. लेखिका मानसशास्त्राच्या डॉक्टरेट. त्यांचे गुरू कोलंबिया विद्यापीठातले वॉल्टर मिशेल. लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून ती किती वेळ थांबतात हे पाहणाऱ्या प्रयोगाचे जनक. थांबण्याचे शास्त्र शिकवणाऱ्याची शिष्या पोकरच्या टेबलावर थांबू नये कसे हे शिकायला गेली, ही गंमत आम्हीच आपल्या नजरेस आणून देतो. सुरुवातीला त्यांना जोडात पाने किती हेही नीट ठाऊक नव्हते. शिकवायला मिळाले एरिक सायडेल; १९८८ साली जागतिक स्पर्धेच्या अखेरच्या लढतीत जॉनी चॅनकडून हरलेले, पण त्यानंतर दशकानुदशके शिखरावर राहिलेले खेळाडू.

पुस्तकाचा गाभा आमच्या मते त्या प्रकरणांत आहे जिथे लेखिका स्वतःच्या मवाळपणाचा शोध घेतात. टेबलावर बहुतेक पुरुष. कोणी दांडगाईने बोली वाढवली की त्या पाने टाकतात. हिशेब चुकत नव्हता. चुकत होते ते हे की, आपण भांडखोर दिसू नये, कोणाला आपण नकोसे वाटू नये, ही लहानपणापासूनची शिकवण पानांच्या आड लपून खेळत होती. जे त्यांना सावधपणा वाटत होते ते पुष्कळदा सौजन्याचे ओझे होते. ब्रन्सनला हे दिसणे शक्य नव्हते, हॅरिंग्टनला गरज वाटली नाही. कोनिकोवांनी ते दाखवले, आणि यासाठी हे पुस्तक वाचलेच पाहिजे.

आणि इथे आपल्याला अ‍ॅरिस्टॉटलची मदत होते. धैर्य म्हणजे भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मधली स्थिती, हे आपण वर्गात शिकवतो. पण त्याने पुढे सांगितलेली व्यावहारिक सूचना आपण विसरतो. मध्य गाठायचा तर आपला स्वभाव कुठे कललेला आहे ते आधी पाहा, आणि मग स्वतःला मुद्दाम उलट बाजूला ओढा. वाकडे लाकूड सरळ करणारा ते उलटे वाकवतो तसे. आक्रमकता शिकणे म्हणजे हेच. तेव्हा 'अधिक आक्रमक खेळा' हा उपदेश सर्वांसाठी नाही. जो आधीच दर डावाला पुढे ढकलतो त्याला उलटा उपदेश हवा. आणि मवाळ माणसालाही उलटे वाकवताना कुठे थांबायचे ते कळले पाहिजे. नव्याने धीट झालेल्या खेळाडूची ठरलेली चूक अशी की, जो कधीच पाने टाकत नाही अशा माणसाला तो थाप मारतो. मघाच्या हिशेबातले ४० टक्के शून्यावर आले की अर्ध्या थापेचे पन्नासच उरतात, आणि पूर्ण थापेचा निव्वळ तोटा.

आता या पुस्तकावरचे आमचे आक्षेप. पहिला असा. हे पुस्तक पानोपानी बजावते की एका निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नका. चांगला निर्णय हरू शकतो, वाईट जिंकू शकतो. पण कथेचा कळस कोणता? जानेवारी २०१८मध्ये बहामातल्या एका स्पर्धेत लेखिका पहिल्या येतात आणि ८४,६०० डॉलर जिंकतात. त्या हरल्या असत्या तर हेच निर्णय, हीच शिकवण, पण हेच पुस्तक झाले असते का? पुस्तकाचा युक्तिवाद एक सांगतो, रचना दुसरे. चषक मिळाला म्हणून वाचक धड्यावर विश्वास ठेवतो, आणि धडा तर असा की चषकावर विश्वास ठेवू नका. हा दोष लेखिकेचा कमी आणि कथाकथनाचा जास्त. तरी तो आहे.

दुसरा आक्षेप तिन्ही पुस्तकांना लागू आहे, आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. धैर्याला भांडवल लागते. आज कित्येक स्पर्धांत बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून आत येता येते. एकाच्या खिशात तीन वेळच्या प्रवेशाचे पैसे आहेत, दुसऱ्याकडे वर्षभर साठवलेले एकाच वेळचे. दोघांच्या चिप्स सारख्या, 'एम' सारखा, पुस्तकातला नियम सारखा. पण एकाची ऑल-इन ही चाल आहे, दुसऱ्याची ऑल-इन ही खरोखरच सर्वस्वाची पैज आहे. मग पहिला आक्रमक आणि दुसरा भित्रा, असे म्हणणे न्याय्य आहे का? सायडेलसारखा गुरू मिळणे, शिकायला सवड मिळणे, हेही भांडवलच. कोनिकोवा नशिबाबद्दल इतके बारीक लिहितात, पण या नशिबाला ते माप पुरेसे लावत नाहीत. स्वभावाचे गुण म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो त्यांतले किती गुण नसून राखीव पैसे असतात, हा प्रश्न टेबलाबाहेरही विचारण्यासारखा आहे.

आपल्या परंपरेतला द्यूताचा प्रसंग कोणी ना कोणी प्रश्नोत्तरांत काढेलच, म्हणून आम्हीच काढतो. सभापर्वातला युधिष्ठिर दर डावाला पण वाढवत जातो. वरून पाहिले तर केवढा आक्रमक! पण आव्हान दिल्यावर माघार घ्यायची नाही हे त्याचे व्रत होते. म्हणजे त्याला फोल्ड हा पर्यायच नव्हता. जो पाने टाकू शकत नाही त्याच्या बोलीला आक्रमकता म्हणता येत नाही. ती शरणागतीच, फक्त मोठ्या आकड्यात केलेली. शकुनीने प्रश्न विचारले, युधिष्ठिराने उत्तरे दिली, आणि दर उत्तराची किंमत वाढत गेली. आमचा चिंचोक्यांचा खेळ आणि हा खेळ वरवर उलटे दिसतात. आम्ही कधी वाढवले नाही, त्याने कधी टाकले नाही. दोघांत एक साम्य: आपल्या चालीचा निर्णय दुसऱ्याच्या हातात दिलेला.

एक कबुली देऊन संपवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही जिथे शिकवत होतो तिथे एका बैठकीत तर्कशास्त्राची एक अभ्यासपत्रिका बंद करण्याचा प्रस्ताव आला. आमच्याजवळ मुद्दे होते, विद्यार्थ्यांची संख्या होती, दोन सहकारी आमच्या बाजूचे होते. आम्ही काय केले? आधी कोण काय बोलतो ते ऐकू म्हणून थांबलो. एकेक जण बोलत गेला. आमच्यापर्यंत पाळी आली तेव्हा मत बनून गेले होते, आणि आम्ही 'सर्वांना मान्य असेल तर आमची हरकत नाही' म्हणालो. पुढे कित्येक वर्षे आम्ही याला समंजसपणा म्हणत आलो. आधी बोललो असतो तर पत्रिका वाचली असती का? सांगता येत नाही. ते निकालाचे झाले. पण निर्णय वाईट होता. मुद्दे हातात असताना आम्ही जिंकण्याचा एक मार्ग आपणहून सोडून दिला, आणि आमचे मौन कोणालाही महाग पडले नाही.

तेव्हा आक्रमकता शिकता येते का? येते, पण हॅरिंग्टनच्या आकड्यांनी एकट्याने नाही आणि ब्रन्सनच्या रुबाबाने तर नाहीच. आपण कुठल्या बाजूला कललेले आहोत हे आधी प्रामाणिकपणे पाहावे लागते, आणि त्या कलाला आपण कोणते गोड नाव दिले आहे तेही. आमच्या बाबतीत ते नाव समंजसपणा होते. आपले नाव आपण शोधावे.

नातवाने पुढच्या सुट्टीत पुन्हा डाव मांडायचे कबूल केले आहे. चिंचोके धुऊन ठेवले आहेत. आता आपले प्रश्न घेऊ. आणि कोणी आधी बोलायचे यासाठी कृपया एकमेकांकडे पाहू नका.